पाठमोऱ्या माणसांचे निकाह

वजाहत रसूल सिद्दिकी बदायूनी यांनी चौदा वर्षांत सत्तावीस निकाह लावले, आणि त्यांतल्या एकाही जोडप्याला त्याचा पत्ता नव्हता. जोडपी तिकडे तुर्कस्तानात. वजाहतसाहेब इकडे कराचीत, कोरंगीला, बिस्किटांच्या कारखान्यामागच्या तीन मजली इमारतीत, आमच्या ‘गुलरंग’ चॅनेलच्या डबिंगच्या खोलीत. त्यांच्या निकाहाला ना खारका वाटल्या जात, ना वलीम्याचं जेवण होई. नवरा-नवरीनं कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, एवढीच त्यांची अट.

तोंड दिसलं की पंचाईत होते. ओठ जेवढे हलतात तेवढंच बोलायचं, ओठ मिटले की आपणही मिटायचं. पण पाठ दिसली की आपलं राज्य. पाठमोरा माणूस नमाज पढतो म्हणा, लग्न लावतो म्हणा, आईची माफी मागतो म्हणा, कोण आडवं येणार? तुर्की नाटकांत माणसं फार वेळ समुद्राकडे बघत उभी राहतात. त्यांच्या दिग्दर्शकांना त्यात काय दिसतं ते त्यांनाच ठाऊक. आम्हाला त्यात निकाहाची जागा दिसायची.

मी फरखंदा. सतरा वर्षं या खोलीत आवाज देते. वय बावन्न, गुडघे सत्तरीचे आणि आवाज चोवीस वर्षांचा. नायिका कुठलीही असो, रडते ती माझ्या गळ्यातून.

वजाहतसाहेब आधी नाझिमाबादच्या मुलांच्या शाळेत उर्दू शिकवायचे. चोवीस वर्षं खडू झिजवला आणि मग चॅनेलवर आले. अंगात कडक इस्त्रीची शेरवानी. कोरंगीच्या उकाड्यात, लाइट गेलेली असतानाही शेरवानी. तुर्की नाटकाचं कुणीतरी केलेलं ओबडधोबड भाषांतर त्यांच्या टेबलावर यायचं. त्याला स्वच्छ उर्दूत आणायचं आणि आपल्या घरांत बघता येईल असं करायचं, हे त्यांचं काम. यातलं दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं. दारू दिसली की ते तिचं फालशाचं सरबत करत. आमच्या नाटकांतली माणसं सकाळी सरबत पीत, संध्याकाळी सरबत पीत, सरबत पिऊन झोकांड्या खात, आणि बायको म्हणायची, “आज पुन्हा सरबत पिऊन आलात?” मुलीच्या मित्राचा चुलतभाऊ व्हायचा. एका नाटकात एका मुलीला अकरा चुलतभाऊ झाले, तेव्हा मी म्हटलं, “वजाहतसाहेब, हिच्या आजोबांनी दुसरं काही काम केलंच नाही वाटतं.”

“बीबी,” ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “मोठं घराणं आहे. तुम्ही आवाज द्या.”

आणि जिथं चुलतभाऊ पुरा पडत नाही, म्हणजे दोघं एका घरात राहायलाच लागतात, तिथं निकाह. काझीचा आवाज ते स्वतः देत. तेवढाच त्यांचा आवाज पडद्यावर जायचा, आणि तो छान होता.

नाव मात्र जात नसे. सगळं दुखणं तिथंच होतं.

भाग संपला की नावं धावतात. ती तुर्कांची. मेकअप करणाऱ्याचं, जेवण पुरवणाऱ्याचं, घोडे सांभाळणाऱ्याचंसुद्धा. तीही अर्ध्यात कापून तुपाची जाहिरात सुरू होते. ज्यानं एकेक वाक्य नव्यानं लिहिलं त्याचं नाव त्यात कधीच नव्हतं. आणि वजाहतसाहेबांनी पहिल्याच वर्षी घरी सांगून ठेवलं होतं की नाव येतं. अगदी शेवटी येतं, तेवढ्यात लाइट जाते, म्हणून दिसत नाही. कराचीत ही थाप दोन-तीन वर्षं सहज खपते. मग त्यांच्या मेहुण्यानं, तलतभाईनं, घरी बॅटरी बसवली.

त्यांच्या नातीच्या बारशासारख्या एका कार्यक्रमाला मी बफर झोन नावाच्या वस्तीत त्यांच्या घरी गेले होते. जेवणं झाली आणि सगळे टीव्हीपुढे बसले. भाग संपला, नावं धावली. तलतभाई कस्टममधून निवृत्त झालेले, पोट पुढे आणि जीभ त्याच्याही पुढे.

“दुल्हाभाई, घोडेवाल्याचं नाव आलं. तुमचं कुठल्या घोड्यामागे आहे?”

“फार वेगानं जातं, तलत. नीट बघावं लागतं.”

“मी तीस वर्षं चालत्या ट्रकांचे नंबर वाचले. तुमचं नाव त्यात नव्हतं.”

“तुला तुर्की अक्षरं येतात का?”

“म्हणजे तुमचं नाव आता तुर्कीत आहे?”

सगळे हसले. लहान मुलंसुद्धा. वजाहतसाहेबांची बायको, सबीहाभाभी, एवढंच म्हणाली, “चहा निवतोय, घ्या कुणीतरी.” वजाहतसाहेब कपात बघत राहिले. मला त्या तलतभाईच्या थोबाडावर पेढ्यांचा डबा फेकून मारावासा वाटला. बदायूनी पेढे होते, महाग, म्हणून नाही मारला.

आमचा मालक जब्बार सेठ. आधी जोडिया बाजाराजवळ कापडाचा ठोक व्यापार, आता चॅनेल. त्याला नाटक म्हणजे ठाण वाटतं. “तुर्कांचा एक भाग दोन तासांचा. एका ठाणातून आपले तीन पीस निघतात,” असं तो कौतुकानं सांगायचा. माल चाळीस-चाळीस भागांच्या खेपेनं यायचा. पुढच्या खेपेत काय आहे ते ती आली की कळायचं. त्या वर्षी जे नाटक आलं त्याचं तुर्की नाव होतं ‘नऊ नंबरचा धक्का’. साधं, सरळ. सेठनं ते बदलून केलं ‘मुजरिम कौन, इश्क या हम’. त्याच्या मते नावात इश्क नसेल तर बायका चॅनेल लावत नाहीत.

पहिली खेप आली त्या दिवशी सेठनं वजाहतसाहेबांना बोलावलं. मी माझ्या रजेचा अर्ज घेऊन तिथंच उभी होते.

“वजाहतभाई, हे नाटक एक नंबरवर न्या. शेवटच्या भागाला तुमचं नाव टाकतो. धावतं नाही, उभं. अख्ख्या पडद्यावर.”

वजाहतसाहेबांचा हात शेरवानीच्या वरच्या बटणाकडे गेला. “पूर्ण नाव, सेठ?”

“पूर्ण. वाटल्यास आजोबांचंही टाका.” मग सेठ हसत म्हणाला, “माझ्या मुलीनं हे इंटरनेटवर शेवटपर्यंत बघितलंय. विचारू का तिला, पुढं काय होतं ते? तुम्हाला सोपं जाईल.”

“नको, सेठ. उद्याचं अल्लाहला ठाऊक असावं. मी आजचा भाग लिहितो.”

म्हणजे शहाणपणाचा कळस! समोर उत्तरपत्रिका ठेवलीय आणि मास्तर म्हणतायत, मी कॉपी करणार नाही. पण त्यांना ते मनापासून वाटत होतं. पुढचं वाचून लिहिलं तर वाक्यात लबाडी येते, असं ते म्हणत. मी रजेचा अर्ज पुढे केला, सेठनं तो न वाचता बाजूला सरकवला.

नाटकात नेहीर नावाची मुलगी. तिला आवाज माझा. तारिक नावाचा श्रीमंत माणूस, समुद्रकाठी त्याची कोठी. चौथ्या भागात नेहीर बॅग घेऊन त्या कोठीत राहायला येते. सहाव्या भागात दोघं एका खोलीत. वजाहतसाहेब दोन दिवस पाठ शोधत होते. पाचव्या भागाच्या शेवटी सापडली, आणि अशी सापडली की ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. दोघं धक्क्यावर, कॅमेऱ्याकडे पाठ, समोर समुद्र, आणि एक्केचाळीस सेकंद नुसतं संगीत.

“एक्केचाळीस!” ते म्हणाले. “एवढ्यात दोन निकाह बसतील.”

“एकच बसवा,” मी म्हटलं. “पण साक्षीदार कुठंयत? इथं दोघांशिवाय चिटपाखरू नाही.”

त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. लांब एक होडी होती, तिच्यात दोन ठिपके. “कोळी आहेत. दोघंही वयात आलेले.”

“मैलभर लांब आहेत हो.”

“कान तर शाबूत आहेत ना त्यांचे?”

आम्ही निकाह लावला. रेकॉर्डिंगवाला इकराम दोन वेळा जनरेटर थांबवून आला, कारण काझीच्या आवाजात घरघर नको होती. वजाहतसाहेबांनी खुतब्याच्या दोन ओळी म्हटल्या, मी तीन वेळा ‘कबूल आहे’ म्हटलं, तिसऱ्या वेळी जरा गळा भरून आणला. आणि शेवटी तारिकच्या तोंडी त्यांनी एक वाक्य घातलं, “समुद्राची साक्ष चालत नाही, नेहीर, म्हणून दोन माणसं आणलीत.”

शहरानं ते वाक्य डोक्यावर घेतलं. रिक्षांच्या मागं ते रंगवलं गेलं. लग्नाच्या कार्डांवर छापलं गेलं. मलीरच्या कुणा बाईनं ऑफिसात नेहीरच्या निकाहाची मिठाई पाठवली, सोबत चिठ्ठी की पोरीला आई नाही, म्हणून आम्ही पाठवतोय. तुर्कस्तानातल्या ज्या लेखकानं ते नाटक लिहिलं त्याला यातलं काही माहीत नव्हतं, कारण त्यानं ते लिहिलंच नव्हतं. दहाव्या भागाला आम्ही एक नंबरवर होतो. सेठनं सगळ्यांना रश्शातल्या शेवयांचं खावसे खाऊ घातलं. वजाहतसाहेबांनी शेरवानीला डाग पडू नये म्हणून उभ्यानंच चार घास खाल्ले. जाताना मला हळूच म्हणाले, “बीबी, अख्खा पडदा म्हणजे साधारण किती सेकंद असेल?”

“दहा तरी,” मी म्हटलं. “सबीहाभाभीला सांगितलंत?”

“सांगितलं. तलतलाही सांगितलं. तारीख विचारतोय.”

तिसरी खेप आली आणि त्या खेपेत आग होती. एकशे चाराव्या भागात नेहीर तारिकशी भांडते आणि तीच बॅग घेऊन कोठी सोडते. इथवर ठीक. नवरा-बायकोत भांडणं होतातच. पण आठव्या दिवशी ती तारिकच्या मित्राशी, सलीमशी, लग्न करते. पांढरा पोशाख, सह्या, केक, दोनशे पाहुणे. आणि सगळेच्या सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून. त्या तुर्की दिग्दर्शकाला शंभर भाग समुद्र दिसत होता, त्या दिवशी नेमका दिसला नाही. आणि तारिक कुठं होता? पहिल्या रांगेत, टाळ्या वाजवत.

तुर्कांच्या हिशेबानं त्यात वावगं काहीच नव्हतं. त्यांची नेहीर तारिकची कधी बायको नव्हतीच. ती आमची होती. आम्ही तिला बायको केलं होतं, दोन कोळ्यांच्या साक्षीनं, आणि साऱ्या कराचीनं मिठाई वाटली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता ती पहिल्या नवऱ्याच्या देखत दुसरा नवरा करत होती.

वजाहतसाहेबांनी तो भाग तीन वेळा बघितला आणि चष्मा काढून ठेवला. “तलाक हवा,” ते म्हणाले.

“मग घाला कुठल्या तरी पाठीवर.”

पण त्या आठ दिवसांत तारिक पाठच दाखवेना! जेवताना तोंड, गाडीत तोंड, आरशात तोंड. शेवटी एकच जागा मिळाली. तो घोड्यावर बसून दौडत लांब जातो, नेहीर खिडकीत उभी. घोड्याचीही पाठ आणि त्याचीही. वजाहतसाहेबांनी दौडत्या घोड्यावरून तलाक लिहिला. मी म्हटलं, “अहो, एवढ्या मोठ्यानं ओरडला तर घोडा उधळेल.” ते हसले नाहीत. त्यांचं खरं दुखणं पुढंच होतं. तलाक घोड्यावरून झाला तरी इद्दत घोड्यावरून होत नाही. बाईला तीन महिने थांबावं लागतं. इथं तर तलाक रविवारी आणि लग्न सोमवारी.

मधे ‘तीन महिन्यांनंतर’ अशी पाटी टाकून बघितली. पण सलीमचा हात मोडलेला होता, गळ्यात प्लास्टर. तलाकच्या दिवशी प्लास्टर, तीन महिन्यांनी तेच प्लास्टर, त्यावर कुणा पोरानं काढलेलं तेच फूल. इकराम म्हणाला, “आपा, याचं हाड जोडणारा आपल्याकडच्या पालिकेचा असणार.” पाटी काढून टाकली.

मग वजाहतसाहेबांनी जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. त्यांनी सेठला लेखी अर्ज दिला. स्वच्छ अक्षरात, वर बिस्मिल्ला. नेहीर या पात्राची इद्दत पूर्ण होईपर्यंत, म्हणजे नव्वद दिवस, नाटकाचं प्रक्षेपण थांबवावं. पैकी रमजानचा एक महिना आपण नाटक असंही बंद ठेवतो, तेव्हा प्रत्यक्षात साठच दिवसांचा प्रश्न आहे.

सेठनं अर्ज वाचला आणि आधी हसला, मग बघितलं की माणूस गंभीर आहे.

“म्हणजे नेहीर तिकडे घरात बसणार आणि इकडे मी चॅनेल बंद करून बसू?”

“नाटक, सेठ. चॅनेल नव्हे.”

“एक गोष्ट सांगा. ते दोघं वेगळे राहत होते असं दाखवा ना. नवरा-बायको एकत्र राहिलेच नसतील तर थांबावं लागत नाही, माझ्या मौलवीनं सांगितलंय.”

“सेठ, ते एका खोलीत राहत होते म्हणून तर मी निकाह लावला.”

मी तोंडावर ओढणी दाबली. सेठ टेबलावर बोटं वाजवत राहिला. “वजाहतभाई, लोक नाटक बघतात. दिवस मोजत नाहीत.”

“या शहरात लोक दुसरं काही मोजत नाहीत, सेठ.”

“भाग जसा आहे तसा जाईल. घोडा ठेवा. एक नंबरचं नाटक आहे, शेवटाला आलंय, तुमचं नाव लागायचंय. आता कशाला खोडा घालताय?”

नावाचा उल्लेख आला आणि वजाहतसाहेब गप्प झाले. ही गोष्ट मला लपवायची नाही. ते अडून बसू शकत होते. काझीचा आवाज त्यांचा होता आणि लेखणीही त्यांचीच. पण शेवटचा भाग नऊ दिवसांवर आला होता, आणि तलतभाईला तारीख कळवून झाली होती. त्यांनी अर्ज परत मागितला नाही, तसाच सेठच्या टेबलावर सोडून बाहेर आले.

भाग सोमवारी गेला. मंगळवारी सकाळी फोन सुरू झाले. मोजलं होतं! बायकांनी बोटांवर मोजलं होतं. मलीरची ती मिठाईवाली बाई पहिली. “तलाक रविवारी ना? मग सोमवारी वरात कशी? आम्ही पोरीसाठी मिठाई पाठवली ती काय याच्यासाठी?” दुसरी विचारत होती, घोड्याच्या टापांत तिसरा तलाक नीट ऐकू आला नाही, दोनच झाले असतील तर ती अजून तारिकचीच ना? दुसऱ्या एका चॅनेलच्या सकाळच्या कार्यक्रमात दोन मौलाना आणि एक स्वयंपाकवाला बसवून चर्चा झाली. एक मौलाना म्हणाले, पहिला निकाहच कच्चा, साक्षीदार लांब होते. दुसरे म्हणाले, पक्का. स्वयंपाकवाला मधेमधे कबाब उलटत होता. गुरुवारी इस्लामाबादहून सरकारी नोटीस आली. पवित्र बंधनाची थट्टा. सात दिवसांत जबाबदार माणसाचं नाव सांगा, पडद्यावर नावानिशी माफी मागा, नाहीतर चॅनेल बंद. शेवटचा भाग तोवर दाखवायचा नाही.

शुक्रवारी नमाजनंतर सेठनं आम्हा दोघांना बोलावलं. मला का, तर माफी चॅनेलच्या आवाजात जायची होती आणि चॅनेलचा आवाज म्हणजे मी. सेठच्या चेहऱ्यावर मयताला आल्यासारखी कळा होती.

“वजाहतभाई, ते नाव मागतायत. चॅनेल म्हणजे काय, भिंती. भिंतींचं नाव कसं देणार?”

सेठनं नोटीस त्यांच्यापुढे सरकवली.

“कागदावर तुम्हाला काढून टाकल्याचं लिहावं लागेल. नुसतं कागदावर. महिना-दोन महिने जाऊ द्या, मग मागच्या गेटानं या. पगार घरी येईल.”

अर्ज कुणाच्या टेबलावर पडला होता? नव्वद दिवस कुणी मागितले होते? हे मी त्या खोलीत मोठ्यानं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मूग गिळून बसले. घरी दोन पोरी शिकतायत, आणि चोवीस वर्षांचा आवाज बावन्नाव्या वर्षी दुसरं कोण विकत घेणार, असा हिशेब माझ्या डोक्यात चालला होता. आज तो हिशेब आठवला की मला माझीच लाज वाटते.

सेठनं वकिलानं लिहिलेला माफीनामा पुढे केला. वजाहतसाहेबांनी वाचला. दोन ओळींनंतर त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“हे कुणी लिहिलं?”

“वकीलसाहेबांनी.”

“हे उर्दू आहे?”

“वजाहतभाई, आता भाषेचं काय...”

“कोरा कागद द्या.”

आणि त्यांनी तिथंच बसून स्वतःचा माफीनामा लिहिला. एकदा लिहिला, फाडला. पुन्हा लिहिला, एक शब्द खोडून दुसरा घातला, पुन्हा पहिला घातला. तिसऱ्यांदा स्वच्छ उतरवला. सेठ घड्याळ बघत होता. त्या कागदात कुणाला दोष नव्हता, सबबी नव्हत्या, घोडा नव्हता. त्या निकाहाचा मजकूर त्यांनी लिहिला, निर्णय त्यांचा एकट्याचा, चूक त्यांची एकट्याची, असं तृतीय पुरुषात, पूर्ण नावानिशी. इतकी सुंदर उर्दू ‘गुलरंग’वरून आधी कधी गेली नव्हती, हेही सांगून टाकते.

जिन्यात मी त्यांना गाठलं. “तुमचा तो अर्ज? त्याची नक्कल असेल ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“मग दाखवा की कुणाला तरी! पाठवा इस्लामाबादला!”

“बीबी, निकाह मीच लावला होता.”

“नाटकातला, वजाहतसाहेब! नाटकातला!”

“मिठाई तर खरी आली होती,” ते म्हणाले आणि कठड्याला धरून खाली उतरले.

शनिवारी दुपारी रेकॉर्डिंग. माफीनामा त्याच दिवसापासून तीन दिवस दाखवायचा होता, रोज तीन वेळा, निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि वर माझा आवाज. मला वाटलं होतं, ते येणार नाहीत. ते आले. शेरवानी इस्त्रीची. काचेपलीकडे इकरामच्या शेजारी आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले, हातात कागद, कागदावर पेन्सिल.

मी वाचायला लागले. चॅनेल आपल्या प्रेक्षकांची मनापासून क्षमा मागतं, वगैरे ठीक वाचलं. मग नाव आलं. मी काय केलं, तर आवाज खाली घेतला आणि चारही शब्द एका श्वासात गुंडाळून पुढे सरकले. सतरा वर्षांच्या सवयीनं मला ठाऊक आहे, कुठला शब्द कसा म्हटला की तो कुणाच्या कानात राहत नाही. पडद्यावरची अक्षरं मी पुसू शकत नव्हते, पण ज्यांचं अर्धं लक्ष चुलीकडे असतं त्यांनी तरी ते नाव ऐकू नये. बफर झोनमधल्या त्या खोलीत कुणी टीव्हीकडे पाठ करून बसलं असेल तर त्याला कळू नये. मी उरलेलं नीट वाचलं आणि कानावरचे हेडफोन काढले. इकरामनं अंगठा दाखवला. त्यालाही कळलं होतं मी काय केलं ते, आणि त्याला ते पटलं होतं.

काचेपलीकडे वजाहतसाहेबांनी पेन्सिलनं कागदावर एक खूण केली. मग पुढे वाकून त्यांनी बटण दाबलं आणि माझ्या खोलीत त्यांचा आवाज आला.

“बीबी, नाव घाईत गेलं.”

“वजाहतसाहेब, राहू द्या ना. छान झालंय.”

“बाकी छान झालंय. नाव परत घेऊ.”

मी इकरामकडे बघितलं. तो खाली बघत होता. पंखा बंद होता, बिस्किटांचा गोड वास खोलीत भरला होता, आणि मला माइकपुढं उभं राहवत नव्हतं. पण ते वाट बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. काम चाललं होतं, बस.

“किती सेकंद आहेत?” मी विचारलं.

“बारा,” ते म्हणाले. “पुरेसे आहेत. घाई करू नका.”

मी हेडफोन घातले आणि वाचलं. वजाहत. रसूल. सिद्दिकी. बदायूनी. एकेक शब्द सुटा, मधे श्वास घेऊन. बारा सेकंद भरले.

“आता बरोबर,” ते म्हणाले आणि इकरामकडे वळले. “हे ठेवा. पहिलं पुसून टाका.”